जेवलं की उलटी? आधी घड्याळ बघा

आपल्याकडे जेवल्यावर उलटी झाली की निदान स्वयंपाकघरातच होऊन जातं. ‘पित्त झालंय.’ ‘सकाळी मिसळ हाणलीस ना, मग?’ ‘बाहेरचं खाणं बंद कर आधी.’ पुढे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची, पट्टी येते, रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू होते आणि विषय संपतो. एखाददुसऱ्या उलटीपुरतं हे चालून जातं. पण आठवड्यातून तीन-चारदा, आणि तेही महिना-महिना, अन्न पोटात टिकतच नसेल तर ‘काय खाल्लं होतं’ या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारावेत. जेवल्यानंतर किती वेळाने झाली? बाहेर काय पडलं? आणि ढवळून, उमासे येऊन झाली, की अन्न नुसतंच वर आलं? या तीन उत्तरांवरून डॉक्टरांचा अर्धा तपास होतो, आणि ती उत्तरं घरातल्या माणसांकडेच असतात.

उलटी पोटाला होते असं वाटत असलं तरी ती करवतो मेंदू. मेंदूच्या अगदी खालच्या भागात उलटीचा हुकूम सुटतो आणि तिथे निरोप अनेक वाटांनी पोहोचतात. जठर आणि आतड्यांकडून व्हेगस नावाची लांबलचक नस खबर नेते. घाटात गाडी लागते तेव्हा निरोप कानाच्या आतल्या भागातून गेलेला असतो. घाणेरड्या वासाने किंवा भीतीने होते ती मोठ्या मेंदूकडून. आणि त्याच परिसरात एक छोटीशी जागा अशी आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली संरक्षक भिंत मुद्दाम सैल ठेवलेली आहे. रक्तात काही विषारी फिरतंय का, हे तिथे तपासलं जातं. त्यामुळे मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली, साखर फार चढली किंवा एखादं औषध मानवलं नाही, तरी उलटी होते आणि बिचाऱ्या पोटाचा त्यात काहीच हात नसतो. हुकूम सुटल्यावर श्वासपटल आणि पोटाचे स्नायू जोर लावून जठर पिळतात. जठर स्वतः त्या वेळी ढिलं पडलेलं असतं.

आता वेळेचं गणित. आपण गिळलेला घास काही सेकंदांत अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठराचा वरचा भाग सैल होऊन जेवणाला जागा करून देतो, खालचा भाग ते घुसळून अगदी बारीक करतो, आणि तळाचं दार, म्हणजे पायलोरस, ते थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडतं. पाणी, ताक लवकर जातं. पोळी-भाजी-वरण-भात असं नेहमीचं जेवण जायला साधारण चार तास लागतात. तेलातुपाचं असेल तर आणखी उशीर होतो. अन्न कुठून परत फिरलं, हे म्हणून घड्याळ बऱ्यापैकी नेमकं सांगतं.

घास घशाखाली उतरला आणि लगेच परत आला

जेवता जेवता, किंवा उठून हात धुवेपर्यंत अन्न वर येत असेल, त्याला आंबट चव नसेल, भाताची शितं जशीच्या तशी असतील, तर ती बहुतेक वेळा उलटी नसतेच. अन्न जठरापर्यंत पोहोचलेलंच नसतं. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते. घास आला की ती उघडायला हवी. अ‍ॅकॅलेशिया नावाच्या आजारात ती उघडत नाही आणि वरची नलिकाही अन्न ढकलायचं सोडून देते. असा माणूस प्रत्येक घासावर पाणी पितो, उभा राहून अंग ताणतो, लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळतो. रात्री आडवं झाल्यावर तोंडात पाणी आणि अन्न येतं, उशी ओली होते, ठसका लागतो. घन आणि पातळ दोन्ही अडकतं. कित्येकांची यात वर्षं निघून जातात, कारण मधल्या काळात त्यांच्यावर अ‍ॅसिडिटीचेच उपचार चालू असतात. साध्या एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, हा आजार कधीकधी निसटतो. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे आणि अन्ननलिकेतला दाब मोजणारी मॅनोमेट्री त्याला पकडतात. उपाय मात्र चांगले आहेत. फुगा घालून झडप ताणतात, शस्त्रक्रिया करतात, किंवा एंडोस्कोपीतून आतल्या आत झडपेचा स्नायू कापतात. ही शेवटची पद्धत माणसावर पहिल्यांदा २००८मध्ये जपानमध्ये वापरली गेली आणि आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ती होते.

अडकण्याचा क्रम मात्र नीट आठवून सांगावा. आधी पोळी अडकायची, मग भात, आता पेजसुद्धा जात नाही, असा चढता क्रम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झाला असेल तर अन्ननलिका अरुंद होत चालली आहे. त्यामागे कर्करोग असू शकतो. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, दारू यांचा इतिहास असेल तर एक दिवसही वाया घालवू नये. पुढे गरज पडलीच तर टाटा मेमोरियल सेंटरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र नवी मुंबईतच, खारघरला आहे. पण पहिली एंडोस्कोपी जवळ जिथे लवकर होईल तिथे उरकून घ्यावी. मोठ्या ठिकाणची तारीख मिळेपर्यंत थांबून राहण्यात अर्थ नाही.

याच वेळेतला दुसरा प्रकार लोकांना खोटा वाटतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घास आपोआप तोंडात येतो. मळमळ नाही, उमासे नाहीत, आणि चव अन्नाचीच. कुणी तो थुंकतं, कुणी पुन्हा चावून गिळतं. थोड्या वेळाने अन्न आंबट झालं की हे थांबतं. हा रुमिनेशन सिंड्रोम. यात पोटाचे स्नायू नकळत आवळले जातात आणि जठरातलं अन्न वर ढकललं जातं. शाळा-कॉलेजातल्या मुलांना झालं की घरचे म्हणतात, ‘नाटकं करतेय, डबा खायचा नाही म्हणून.’ नाटक नसतं ते. सगळ्या तपासण्या स्वच्छ येतात आणि औषधांनी फरक पडत नाही. उपाय म्हणजे जेवताना आणि जेवल्यावर पोटाने श्वास घ्यायला शिकणं, कारण पोट श्वासाने फुगलेलं असताना तेच स्नायू आवळता येत नाहीत.

आणि घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमधून रात्री साडेदहाला घरी पोचून, जेवून, अकराला आडवं होणाऱ्यांच्या घशाशी जे आंबट येतं, ते ॲसिड रिफ्लक्स. त्याला मात्र गोळी खरंच लागू पडते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवलं तर गोळीशिवायही बराच फरक पडतो.

अर्ध्या-एक तासाने, पोटात दुखून

इथे जठराची सूज आणि अल्सर, म्हणजे आतल्या अस्तराची जखम, पुढे येतात. तिखटाने अल्सर होतो हा समज फार चिवट आहे. ठाण्याच्या मामलेदारची मिसळ अल्सर झालेल्या पोटाला झोंबेल, पण तो अल्सर तिने केलेला नसतो. मुख्य कारणं दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू, आणि दोन, वेदनाशामक गोळ्या.

पोटातल्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, असं डॉक्टरही मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा जिवाणू दाखवून दिला. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४मध्ये जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आली. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. भारतात हा जिवाणू भरपूर लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना तो काही त्रास देत नाही. ज्यांना देतो त्यांच्यासाठी दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स आहे. एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जिवाणू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून या गोळ्या निदान २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद असावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या पट्टीचा उल्लेख न करणारा पेशंट इथे स्वतःलाच चकवतो.

वेदनाशामकांचं तर विचारू नका. समजा, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहणारे एक माथाडी काका आहेत, राहायला कोपरखैरण्यात. पाठ दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅक, कधी उपाशीपोटी चहाबरोबर. जखम आतल्या आत वाढते आणि गंमत अशी, की दुखणं मारणारी गोळीच तिचं दुखणं कळू देत नाही. एक दिवस थेट काळपट, दाणेदार उलटी होते किंवा शौच डांबरासारखं काळं होतं. तो रक्तस्राव असतो. तिथून क्लिनिक नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याच्या मागे जात असेल तर पित्ताशयातले खडे, आणि दुखणं सरळ पाठीत घुसत असेल, विशेषतः दारू पिणाऱ्याला, तर स्वादुपिंडाची सूज. पहिल्याला सोनोग्राफी पुरते, दुसऱ्याला लगेच भरती व्हावं लागतं.

सकाळचं जेवण संध्याकाळी

मला विचाराल तर सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. दुपारी एक वाजता खाल्लेली गवार रात्री नऊच्या उलटीत ओळखू येते, ढेकर कुजकट येतात, दोन घासांत पोट भरतं आणि उलटी झाली की एकदम हलकं वाटतं. काही जण तर बरं वाटावं म्हणून बोटं घालून ओकतात. चार तासांत रिकामं व्हायला हवं ते जठर आठ तासांनीही भरलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याची कारणं दोन प्रकारची: दार अडलंय, नाहीतर ढकलणारा थकलाय.

दार अडणं म्हणजे संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उतरायचा जिना बंद असावा तसं. गाड्या येतच राहतात, गर्दी पुढे सरकत नाही आणि शेवटी मागे फिरते. जुना अल्सर भरताना आक्रसून पायलोरस अरुंद होतो, किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ वाढते. या उलटीची खूण अशी, की ती भरपूर असते, आंबूस वासाची असते, पण तिच्यात हिरवं-पिवळं पित्त नसतं, कारण पित्त दाराच्या पलीकडे मिसळतं. म्हणजे ज्या उलटीला घरात ‘पित्त’ म्हणतात, त्यातल्या या प्रकारात नेमकं पित्तच नसतं. रोजच्या उलट्यांतून आम्ल आणि क्षार जात राहतात, पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, गळून जायला होतं.

आपल्या देशात आणखी एक नाव घ्यावंच लागतं, टीबी. तो फुप्फुसातच होतो असं नाही. आतड्याचा टीबी लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडाशी जास्त आढळतो. तो आतडं आकुंचित करतो. खाल्लं की पोट फुगतं, गुडगुड आवाज येतात, कळ येऊन उलटी होते. सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन. निदान झालं तर औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.

आता दुसरा प्रकार. दार उघडं आहे, एंडोस्कोपी स्वच्छ आहे, तरी अन्न पुढे जात नाही. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. बरीच वर्षं मधुमेह असेल आणि साखर आवरली नसेल तर व्हेगस नस हळूहळू खराब होते आणि जठराची घुसळण मंदावते. यात साखरेचं वागणं विचित्र होतं. इन्शुलिन घेतलं, जेवलं, पण अन्न पुढे गेलंच नाही, म्हणून साखर खाली. तीन-चार तासांनी अन्न हळूहळू उतरलं, तेव्हा साखर वर. ‘आई, तू लपून गोड खातेस’ असा आरोप झालेल्या किती आयांचं जठर असं असेल, कोण जाणे. मधुमेहाशिवाय पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर, एखाद्या विषाणूसंसर्गानंतर, पार्किन्सनमध्ये, किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक औषधांनीही असं होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

हल्ली यात वजन उतरवायच्या इंजेक्शनांची भर पडली आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं जठर मुद्दामच संथ करतात. भूक कमी होण्यामागे तेही एक कारण असतं. डोस वाढवला आणि जेवण पूर्वीएवढंच ठेवलं की उलट्या होणारच. ओळखीतून, ऑनलाइन मागवून घेणाऱ्यांनी निदान उलटीसाठी गाठलेल्या डॉक्टरांपासून तरी ते लपवू नये.

जठर किती वेळात रिकामं होतं हे मोजता येतं. किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं ठरावीक जेवण देऊन चार तास कॅमेऱ्याने फोटो घेतात. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न शिल्लक असेल तर जठर मंद. पथ्य ऐकून मात्र लोक बुचकळ्यात पडतात. सॅलड, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, सालासकट फळं हे सगळं एरवी चांगलं असलं तरी अशा पोटाला जड जातं, कारण चोथा आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही जठर आणखी रेंगाळवतात. चोथ्याचा तर गोळाही होऊन बसतो. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, गाळलेलं सूप, ताक, असं थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा, आणि जेवल्यावर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या.

पोटाचा संबंध नसलेल्या उलट्या

बाई वयात असेल आणि पाळी चुकली असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी. ती न करता एक्स-रे काढू नये. गरोदरपणातली मळमळ बहुतेकींना होते, पण पाणीही टिकत नाही, लघवी कमी झाली, वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर ‘आम्हालाही झालं होतं, सहन कर’ हे सासूबाईंचं वाक्य बाजूला ठेवून रुग्णालयात जावं. गर्भ आणि वार यांतून येणाऱ्या जीडीएफ१५ या हॉर्मोनचा या त्रासाशी संबंध आहे, हे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मनाचे खेळ नाहीत ते. आणि फार दिवस उलट्या झाल्या असतील तर नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व देतात. ते राहून गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

पावसाळ्यात अन्नावरची वासनाच उडाली, तेलाच्या वासाने ढवळतंय आणि लघवी गडद पिवळी होतेय, तर कावीळ. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी, दिसायला धूसर, तर मेंदूची तपासणी. मधुमेह्याला उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास, तर तातडीची बाब. पन्नाशीच्या माणसाला जेवल्यावर उलटी, वरच्या पोटात दडपण आणि गार घाम, तर आधी ईसीजी. गॅसची गोळी नंतर. मूत्रपिंडं मंदावून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं तरी उलट्या होतात. लोहाच्या गोळ्या, मधुमेहाचं मेटफॉर्मिन, काही अँटिबायोटिक्स, हृदयाचं डिगॉक्सिन यांनीही होतात. बरीच वर्षं गांजा ओढणाऱ्याला वारंवार उलट्या होत असतील आणि तासन्‌तास गरम पाण्याखाली उभं राहिल्यावरच बरं वाटत असेल, तर ती त्या गांजाचीच देणगी. तो सोडल्याशिवाय थांबत नाही.

तान्ह्या बाळाने ढेकरेबरोबर थोडं दूध टाकणं नेहमीचंच. पण तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, बहुधा मुलगा, दूध लांबवर फेकत असेल आणि लगेच पुन्हा भुकेने रडत असेल, तर पायलोरसचा स्नायू जाड झालेला असू शकतो. सोनोग्राफीत कळतं आणि शंभराहून अधिक वर्षं होत आलेल्या एका छोट्या शस्त्रक्रियेने कायमचं बरं होतं. बाळाची उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट बघायची नाही. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो.

तोवर घरी, आणि मग डॉक्टरकडे

उलटी झाल्यावर दहा मिनिटं पोटाला काही देऊ नका. मग ओआरएस, दर पाच मिनिटांनी एक-दोन घोट. ग्लासभर एकदम प्यायलं की ताणलेलं जठर ते परत पाठवतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. उलटी थांबवायच्या गोळ्या दिवस-दोन दिवस ठीक, रोजच्या सवयीच्या नव्हेत. मेटोक्लोप्रामाइडने काहींची, विशेषतः तरुण मुलामुलींची, मान आणि जबडा वाकडा होतो. डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. आतडं अडलेलं असताना, म्हणजे पोट फुगलंय, गॅसही सरत नाही, अशा वेळी तर गोळीने निव्वळ वेळ जातो.

पहिल्या फेरीत साखर, क्रिएटिनिन, क्षार, यकृताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी एवढं पुष्कळदा पुरतं. वजन घटत असेल, गिळायला त्रास असेल, रक्त दिसलं असेल, रक्तक्षय असेल किंवा पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर गोळ्यांचा प्रयोग न करता एंडोस्कोपी. खाजगीत परवडत नसेल तर ठाण्यात महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. दुर्बिणीची लोकांना भीती वाटते. प्रत्यक्षात घशात बधिर करायचा फवारा मारून दहाएक मिनिटांत काम होतं. फक्त आदल्या दिवशीचं अन्न उलटीत दिसत असेल, किंवा वजनाचं इंजेक्शन चालू असेल, तर हे तारीख घेतानाच सांगा. अशा पोटाला रात्रभराचा उपास पुरत नाही आणि भूल देताना ते अन्न श्वासनलिकेत जायचा धोका असतो. आदला दिवस पातळ पदार्थांवर काढायला सांगतात.

जाताना दोन गोष्टी न्याव्यात. आठवडाभराची नोंद: कधी जेवलो, कधी उलटी, रंग कोणता, काय ओळखू आलं, दुखलं का, सकाळचं वजन. मोबाइलमध्ये फोटो काढला तर आणखी बरं, किळस वाटली तरी. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या सुट्या गोळीवर नाव उरत नाही. ते आधी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.